नव्याचे नऊ दिवस

रेडिंगहून खोकं आलं तेव्हा डंडीत
बर्फाचा चिखल झाला होता.
आत फोमच्या खाचेत निजलेलं ग्राफिक्स कार्ड,
अजून बाजारात न आलेलं, बारसंही न झालेलं,
पाठीवर मार्करने घाईत लिहिलेला एक आकडा.
सोबत चिठ्ठी: नऊ दिवसांत परत. कुणालाही दाखवू नये.
नव्याचे नऊ दिवस, मी मोठ्यानं म्हणालो,
आणि खोलीत हसायला कुणी नव्हतं.

पहिल्या रात्री ते मावेचना.
अंथरूण पाहून पाय पसरावे, हे त्याला
कुणी शिकवलंच नव्हतं.
हार्ड डिस्कचा पिंजरा कानशीने घासला,
लोखंडाचा कीस चहाच्या बशीत धरला,
मग बसलं. खट्ट.
पंखा फिरला आणि टेबलावर
पिठाची गिरणी सुरू झाली.

मी रकाने भरत गेलो.
वेग: जुन्याच्या तिप्पट, कधी साडेतीनपट.
तापमान: ब्याऐंशी.
वीज: जिन्यातल्या मीटरात पाच पौंड भरले
की जेमतेम दीड दिवस.
किंमत: ठरायची आहे. (ठरेल ती
माझ्या दोन महिन्यांच्या भाड्याहून कमी नसेल.)

चौथ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या
मोयरा गेडीस दारात उभ्या.
आवाजाची तक्रार असणार. मी माफी मागू लागलो.
त्या माझ्या ओठांकडे बघत राहिल्या, मग हात झटकून म्हणाल्या,
तीस वर्षं तागाच्या गिरणीत माग चालवलाय मी,
तुझं यंत्र ओरडो नाहीतर गावो,
माझ्यापर्यंत येत नाही.
फरशी ऊबदार लागतेय पायांना.
म्हटलं, पोराला ताप बिप आहे की काय.

कुणालाही दाखवू नये.
पण बाई खुर्चीत बसल्यासुद्धा,
आणि पडद्यावर पडदाच हलत होता:
चाचणीचं तेच दृश्य, उघडी खिडकी, वारा,
जाडसर विणीचं कापड.
दोनशे वेळा चालवलं असेल मी ते.
दोनशे वेळा कोपऱ्यातला आकडा पाहिला,
कापडाकडे एकदाही नाही.

त्या इतक्या पुढे वाकल्या की काच धुरकटली.
बोट टेकवलं.
इथं. काठापासून बोटभर आत.
आडवा धागा चुकतोय.
घडी पडली की जातो, उलगडली की येतो.

मी हसलो. मग दृश्य थांबवलं,
एकेक फ्रेम सरकवत नेली.
तीनशे बारावीत
धागा नव्हता.

रात्री अहवालात नोंद केली, चित्रासकट,
आणि दोष कुणी पाहिला या रकान्यात
माझं नाव लिहिलं. खोडलं. लिहिलं:
मो. गेडीस, विणकर.

रेडिंगचं उत्तर दोन ओळींचं.
ठाऊक आहे. विक्रीआधी दुरुस्त होणार नाही.
एवढं बारीक बघतो कोण?

हे मी त्यांना जिन्यात सांगितलं,
आवाज न काढता, नुसते ओठ हलवून,
सावकाश, एकेक शब्द.
त्यांनी नीट वाचलं.
आमच्यात असं कापड पुढे गेलं असतं, त्या म्हणाल्या,
तर कापडाआधी पगार कापला असता.

नवव्या दिवशी कुरियरवाला घाई करत होता.
कार्ड काढलं तेव्हा कोमट होतं,
फोमच्या खाचेत ठेवलं, चिकटपट्टी मारली.
शिफारस या रकान्यात 'घ्यावं' असं आधीच लिहून झालं होतं.
खोटं नव्हतं ते, राहू दिलं.
खाली फक्त जोडलं: कापड सोडून.

जुनं कार्ड परत बसलं, विनातक्रार,
पिंजऱ्याच्या घासलेल्या कडेशेजारी
आता त्याच्याभोवती भलतीच मोकळी जागा.

दहाव्या दिवशी मोयराबाई दिसल्या,
दुधाची बाटली घेऊन जिना चढताना.
विचारलं काहीच नाही.
पायात दोन जोड मोजे होते.