बिनपंखी

एर्सिलियाच्या दंडावर पहाटे तीन लाल ठिपके,
एका रेषेत, कुणी पेनने टिंबं द्यावीत तसे.
डॉक्टर म्हणाला, ढेकूण. गाद्या उन्हात पडल्या.
मग म्हणाला, ॲलर्जी. ऑगस्टभर टोमॅटो बंद,
आणि उम्ब्रियात ऑगस्टला टोमॅटो बंद
म्हणजे जगणंच अळणी.

शेवटी बाल्दास्सारे आला, चर्चची बाकं दुरुस्त करणारा.
तिच्या लग्नातल्या अक्रोडी कपाटाला त्याने कान लावला,
आत टॉर्च मारला,
आणि बोटाच्या टोकावर एक मुंगी आणून दाखवली.

मुंगी नव्हे. कंबर बघ हिची, नांगी बघ.
गांधीलमाशीच्या कुळातली,
पंख तेवढे नाहीत.
जायचंय कुठे हिला?

तळाशी साचतो तो पिवळा भुसा घुणाच्या अळ्यांचा.
तीस वर्षं चघळतायत तुझं कपाट.
ही त्यांच्यामागून, त्यांनीच कोरलेल्या बोगद्यांतून,
चाचपत जाते अंधारात.
गाठते, डंख मारते.
अळी मरत नाही, नुसती गप्प होते.
मग तिच्याच अंगावर अंडी,
आणि पिल्लं मोठी होईस्तोवर ही तिथून हलत नाही.

मी जिन्यावर उभी, वरच्या खोलीतली भाडेकरू.
म्हटलं, आमच्याकडे सांगतात,
कुंभारीण अळीला कोंडते, कानाशी गुणगुणते,
आणि ध्यास घेता घेता
अळीचीच कुंभारीण होते.
बाल्दास्सारे हसला: ध्यास कसला, सिन्योरा,
जेवण.

एर्सिलिया हसली नाही.
ती पलंगाच्या डाव्या बाजूकडे बघत होती,
जिथे फोस्को अकरा महिने
डोळे उघडे ठेवून गप्प पडून होता,
आणि ही खुर्चीत.

प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आत गॅस सोडू, तो म्हणाला,
दोन्ही मरतील.
दोन्ही?
घूण गेला की हिचं काय काम उरतं?

तिने बराच वेळ ॲप्रनची गाठ सोडली, बांधली.
मग म्हणाली, राहू दे.
कपाट तेवढं माझ्या खोलीतून काढा.

चौघांनी मिळून ते उचललं, दोनदा भिंतीला घासलं,
आणि जिन्याच्या वळणावर ठेवलं,
माझ्या दाराला लागून.

आज पहाटे माझ्या मनगटावर दोन ठिपके.
भाडं कमी करायला सांगणार आहे.
सांगेन उद्या.
आत्ता दाराला कान लावून बसलेय,
पलीकडे लाकडात काहीतरी
अगदी हळू सरकतंय.