बाटली क्रमांक एकेचाळीस

फॉर्मॅलिनने आधी शाई खाल्ली, मग कागद.
'खेकडा, किनारी' एवढं उरलंय
आणि 'ठिकाण' या शब्दापुढे एक पिवळा डाग.

प्रॅक्टिकल सोमवारी. मी ओळखतक्ता उघडते.
कवच गोल की चौकोनी? चौकोनी.
डोळे? दोन टोकांच्या कोपऱ्यांत,
एकमेकांशी अबोला धरल्यासारखे.
शेवटचा पाय वल्ह्यासारखा? नाही. म्हणजे पोहणारा नव्हे.
रंग? तो विचारू नका,
बत्तीस वर्षांत या कपाटात सगळ्यांचा रंग एकच झालाय,
उकडलेल्या बटाट्याचा.

पाचव्या प्रश्नाशी अडले:
राहतो कुठे? खडकात, चिखलात की पुळणीत?
मी गंगापूर रोडची. समुद्र पाहिलाय दोनदा,
दोन्ही वेळा सहलीच्या बसमधून उतरून, चपला हातात घेऊन.

बाटली पिशवीत घातली, वर कोथिंबिरीची जुडी,
आणि भद्रकालीच्या मासळीबाजारात गेले.
गोदू मेहेर बर्फ फोडत होती.
ओल्या बोटाने तिने काच पुसली,
काचेवर पापलेटचं एक खवलं राहिलं.

"खडपातली आहे. चपटी बघ कशी,
लाट आली का पापडासारखी दगडाला चिकटते.
नांगीची टोकं चमच्यागत. शेवाळ खरवडायला.
चिखलातल्या चिंबोरीची नांगी फोडायला असते, ही तशी नाय."
मग बाटली उलटी करून,
"खालची झापड रुंद. बाय हाय ही."

बत्तीस वर्षं पोरं 'तो' म्हणून आकृती काढत आली,
मार्क मिळवत आली.

"पण कुठला खडप, गोदूताई?"
"दगड काळाच गं. तुमच्या रामकुंडाच्या पायरीला आहे तोच."

येताना उगाच नदीकडून आले.
पाणी पूर्वेला चाललेलं,
घाटापलीकडचा हाकेवरचा समुद्र सोडून
सबंध मुलूख ओलांडून दुसऱ्याच समुद्राला भेटायला.
हट्ट बघा.

पायरीवर बसून बाटली उन्हात धरली.
आठही पाय आखडलेले,
खाली दगड आहे अशा समजुतीने.
काच गुळगुळीत.
पकड सोडलेली नाही.

नवी चिठ्ठी पेन्सिलीने लिहिली, शिसं विरघळत नाही:
खेकडा, खडपी. मादी.
ठिकाण:
इथे बराच वेळ गेला.
भरती आणि ओहोटी यांच्या मधला काळा दगड.
ओळख पटवली: गोदू मेहेर, भद्रकाली.

सर विचारतील, या कोण?
विचारू देत.