हिरवा थेंब

वायेनारच्या पाणी-कचेरीत
बिलांवर थेंब छापतो मी:
कमी वापरलं तर हिरवा, हसरा;
जास्त झालं तर लाल, ओठ मुडपलेला.
सोबत चार मिनिटांचं वाळूचं घड्याळ,
न्हाणीघरात टांगायला, फुकट.

मार्चमध्ये एदुविनाबाई खिडकीशी आल्या,
बिल काचेवर दाबून धरलं.
‘अभिनंदन! गेल्या वर्षीच्या निम्मं पाणी.’
म्हणाल्या, ‘निम्मं म्हणजे माझा नोल्बेर्तो.
दाढी करताना नळ वाहता ठेवायचा.
तीस वर्षं भांडले त्यावरून.
हा थेंब परत घ्या.’

थेंब परत घ्यायचा अर्ज
आमच्याकडे नाही.

मीटर बघणारा लाउतारो सांगतो,
हल्ली सकाळी सातला त्या
घड्याळ उलटं करतात, नळ सोडतात
लिंबाच्या आळ्यात,
आणि वाळू सरेपर्यंत
तिथंच उभ्या राहतात, टॉवेल हातात घेऊन.

जूनमध्ये यंत्रानं आपणहून पत्र काढलं:
‘आपल्या घरी गळती असण्याची शक्यता आहे.’

या वाळवंटात थेंबाथेंबाचा हिशेब
हेच माझं पोटपाणी.
तरी ते पत्र अजून खणात आहे,
स्टेपलरखाली.