नात्याचा रकाना

देवकाबाई भोयर. वय अंदाजे सत्तर.
शिल्लक चार हजार दोनशे अकरा.
वारस कोण लावू, मी विचारते.
"मैना कुमरे," ती म्हणते.
मी लिहिते. पुढचा रकाना: नाते.

"कोण लागते ती तुमची?"
"मैना व्हय थे."
"नातं, आजी. नातं सांगा."

आमचं पोस्ट म्हणजे ग्रामपंचायतीची मागची खोली,
एक टेबल, एक वजनकाटा,
खिडकीबाहेर वाळत घातलेली कुणाची तरी अंबाडी.
देवकाबाई पदराची गाठ चाचपते,
जसं नातं तिथंच बांधून आणलं होतं
आणि आता सुटत नाही.

"बहीण लिहू?"
"बहीन कायची? थे गोंडाची, आमी भोयर.
लगनात पंगती अलग."
"शेजारीण?"
हे तिला लागलं.
"शेजारीन तं थे टाईलवाल्या घरातलीबी हाय.
सात वाजले का दार लोटते."
"मैत्रीण?"
तोंडाला पदर लावून हसली.
"मैतरीन शाळंत असते, बाई. आमी कुठं गेलो शाळंत?"

मग थोडं थोडं कळत गेलं.
दोन घरांमध्ये एकच कूड,
कुडाला एक भोक, परात जाईल एवढं.
त्यातून इस्तो गेला, इरजन आलं,
तुरीचे सोले गेले, मोहाची भाकर आली,
आणि एकदा, देवकाबाई बाळंतपणाच्या तापात बरळत असताना,
रडून निळं पडलेलं पोट्टं
मैनानं त्याच भोकातून ओढून घेतलं
आणि आपल्या पोट्ट्याच्या बाजूला छातीशी लावलं.
ते पोट्टं आता चाकणला फोर्कलिफ्ट चालवतं.
फोन इतवारी. कधी कधी इतवारी.

धुऱ्यावरच्या एका बोरीपायी
दोघी नऊ वर्षं बोलल्या नाहीत.
"नऊ वर्स तोंड नाही पायलं तिचं."
"आणि इरजन?"
"थे चालूच होतं.
इरजनाले कोन बोलाव लागते?"

स्पर्धा परीक्षेसाठी मी शब्द पाठ केले होते:
जिव्हाळा, घरोबा, स्नेह, सलगी, आपुलकी,
ऋणानुबंध, दोन गुणांना.
आठवले सगळे, एकापाठोपाठ एक.
पण ऋणानुबंध दाखवून
कुणी पैसे काढल्याचं मला तरी माहीत नाही.

"मंग असं लिव," देवकाबाई पुढं सरकली,
"पायटे मी खोकलली का थे तिकून खोकलते.
मी नाही खोकलली
तं थे येईन पाहाले."

"एवढं बसत नाही, आजी."
"कितीक बसते?"
"पंधरा अक्षरं."
ती गप्प झाली. मला वाटलं, मोजते आहे.

यंत्रात यादी असते: पती, मुलगा, मुलगी, सून,
भाऊ, पुतण्या, अगदी साडूसुद्धा.
सगळ्यात खाली: इतर.
मी ते दाबलं. हिरवा दिवा लागला.

"काय लिवलं?"
"इतर."
"इत्तर?"
"इतर, आजी."
"इत्तर," ती स्वतःशीच म्हणाली, जिभेवर घोळवत.
"लगनात कानामागं लावतेत थे?"

मी हो म्हटलं नाही.
नाहीही म्हटलं नाही.
शाईचा डबा पुढं केला.

अंगठा उमटवून ती उठली,
शाई पुसली आमच्याच भिंतीला, सगळे पुसतात तिथं.
दारात चपला शोधताना,
कुणी पाहत नाही असं बघून,
तिनं अंगठा नाकाशी नेला.

रात्री भाड्याच्या खोलीत
दिवा घालवल्यावर
मी उगाच एकदा खोकून पाहिलं.
भिंतीपलीकडे कोण राहतं, मला ठाऊक नाही.
टीव्हीचा आवाज
जरासा कमी झाला.