नाहरकत

जयकमल टॉकीज, हंसापुरी. आसनं सहाशे बारा.
नाटक, ऑर्केस्ट्रा व तत्सम करमणुकीच्या परवान्याकरिता
अग्निशमन विभागाचं नाहरकत प्रमाणपत्र मिळणेबाबत.
अर्ज तिसऱ्यांदा. जोडपत्रं नऊ.
नकाशावर दारं पाच.

मेची दुपार. सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूचं डांबर
बुटाचा तळवा सोडत नव्हतं.
उमाठेजींनी संत्रा बर्फीचा डबा पुढे केला,
मी टॉर्च पुढे केला.

वाळूच्या बादल्या आठ, ताज्या लाल रंगाच्या.
एकीत खर्र्याच्या पन्न्या, एकीत तुळस लावलेली,
बाकीच्यांत वाळू होती, पण मांजराने वापरलेली.
'काही हरकत नाही,' उमाठेजी म्हणाले, 'उद्या बदलून टाकू.'

कूलरच्या ताट्या मागच्या उन्हाळ्यातल्या,
हात लावला तर गवताचा चुरा,
आणि चुऱ्याच्या मागे उघडी वायर.
'काही हरकत नाही जी, पाणी सोडलं की ओल्या होते.'

पडद्याला अग्निरोधक लेप दिल्याचा दाखला फाईलमध्ये.
मखमल नाकाशी धरली. धूळ,
आणि कुठल्यातरी नटीच्या पावडरचा वास.
'काही हर—'

एकवीस वर्षं झाली खात्यात,
हा एकच शब्द मी देत किंवा नाकारत आलो.
बाहेर लोक तो फुकट देतात:
पायावर पाय पडला, हरकत नाही,
चहात साखर जास्त झाली, हरकत नाही.
माझ्याकडे त्याला जावक क्रमांक लागतो, शिक्का लागतो,
आणि खाली माझं नाव.
सहाशे बारा माणसं त्या नावाला पाठ टेकून बसतात,
टाळ्या वाजवतात,
आणि त्यांना ते ठाऊक नसतं.

पाचवं दार बाल्कनीच्या जिन्याखाली.
साखळी. साखळीला कुलूप.
नत्थू पराते, डोअरकीपर, म्हणाला,
'पोट्टे फुकटात घुसते ना साहेब.
म्या बी इथूनच घुसलो होतो पहिल्यांदा.
धरलं, अन् मलेच नोकरीवर लावलं.'
किल्ली?
'मालकापाशी. मालक म्हणते, नत्थूपाशी.'

मी दिवे बंद करायला सांगितले. सगळे.
उमाठेजींना के रांगेत मधोमध बसवलं
आणि म्हणालो, निघा.
खुर्च्यांचे खटके वाजले. गुडघा कशालातरी लागला.
'नत्थू,' अंधारातून आवाज. मग वेगळाच,
बारीक झालेला: 'नत्थू, अबे कुठी आहेस?'
घड्याळ माझ्या हातात होतं.
आकडा लिहून घेतला, त्यांना सांगितला नाही.

कुलूप पहारीने तोडलं. दार बाहेर ढकललं,
वीतभर उघडलं आणि अडलं.
फटीतून तर्रीचा वास आला, पाठोपाठ एक बाई:
'काऊन बाप्पा, हे भिंत हालून रायली का?'

कौसल्या निनावे. पोह्याची हातगाडी.
एकोणीस वर्षं त्या दाराला टेकून उभी,
खाली सिलिंडर.
मी तिला सांगितलं, इथून माणसं बाहेर पडायला हवीत.
तिने झारा खाली ठेवला.
'अन् मी कुठी पडू साहेब?'
माझ्या तपासणी नमुन्यात तसा रकाना नाही.

चौघांनी गाडी ओढली, चाकं रुतलेली.
मी खडूने रेघ मारली.
दार पहिल्यांदा पुरतं उघडलं,
आतला शिळा गारवा गल्लीत आला
आणि एक पोट्टा सरळ आत शिरला.
नत्थूने पाहिलं. माझ्याकडे पाहिलं.
हाकललं नाही.

संध्याकाळी जीपच्या मागच्या सीटवर बर्फी निघाली.
तिलाही जावक क्रमांक घातला, परत पाठवली.
मग शेरा लिहिला: हरकत आहे.
खाली मुद्दे तेरा.
चौदावा लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला:
गाडीला जागा द्यावी, दाराला न टेकणारी.
कुणाच्या अधिकारात,
तेवढी ओळ कोरी सोडली.