दहा मिली

हर्षाली, थांब. बूच परत लाव.
चार महिन्यांचं पोर आहे, छाती घरघरतेय, दिसतंय मला,
पण निलगिरीचं ते बोट त्याच्या नाकाखाली नेऊ नकोस.
रागावलीस तर रागाव. मी भट्टीवाल्याची पोरगी आहे.

लासूरच्या पुढे, सातपुडा जिथे गुडघे टेकतो,
तिथे आमची रोशा गवताची भट्टी होती.
दसरा सरला की पावरा बायका डोक्यावरून भारे आणायच्या,
आणि बाबा, म्हणजे सुपडू मिस्तरी,
हंड्यात उतरून ते गवत पायांनी दाबायचे.
वर झाकण, झाकणाच्या फटीला चिकणमाती,
खाली लाकूड, नळी ओढ्याच्या गार पाण्यातून.
रात्र उलटायची.
पहाटे तोटीखाली बघावं तर
गाडीभर गवताचं
दोन कप चहाएवढं तेल.

म्हणून त्याला नुसता थेंब म्हणू नकोस.
अख्खी एक टेकाडाची पट्टी आहे ती,
तिच्यावरचं ऊन, तिथे चरून गेलेली गुरं,
दाबून दाबून बसवलेली.

माझ्या दप्तराला गुलाबासारखा वास यायचा.
बाई विचारायच्या, अत्तर लावून येतेस का गं?
बाबांना मात्र कसलाच वास येत नव्हता.
आईची डाळ करपली तरी ते शांतपणे जेवायचे.
हात कोपरापर्यंत घोरपडीच्या पाठीसारखे.

एकदा खुमसिंगने, भट्टीवरच्या पोराने,
तहानेच्या भरात भलताच गडू तोंडाला लावला.
एकच घोट.
लोक म्हणाले, मीठपाणी पाजा, ओकू द्या.
बाबांनी कुणाचं ऐकलं नाही,
त्याला गाडीवर मध्ये बसवलं, गडूही सोबत घेतला.
चोपड्याचे डॉक्टर म्हणाले, ओकवलं नाही ते बरं केलं,
फुप्फुसात उतरलं असतं.
खुमसिंग आता केळीच्या गाड्या भरतो,
पाणी पितो ते आधी हुंगून.

आणि तुझ्याकडे कुरियरने आलेल्या सात बाटल्या,
दहा-दहा मिली, सोनेरी अक्षरं:
शंभर टक्के नैसर्गिक.
धोतरा काय कारखान्यात होतो?

तुझी जाऊ आठवते ना,
गालाला लिंबाचं तेल लावून
भुसावळच्या मे महिन्यात गच्चीवर पापड घालायला गेली.
पापड दोन दिवसांत वाळले.
गालावरचे डाग अजून आहेत.

वापरू नको म्हणत नाही मी.
माझी पाठ धरली की चमचाभर तीळतेलात
रोशाचा एक थेंब टाकते, तोही
आधी मनगटाच्या आत लावून, एक दिवस वाट बघून.
अंघोळीच्या बादलीत कधीच नाही.
हाई तेल शे, पानी नही, बाबा म्हणायचे,
ते पाण्यावर चढून बसतं
आणि पहिली तुझी कातडी शोधतं.
तुझं ते वाफेचं यंत्र लावशील तर खिडकी उघडी,
अर्ध्या तासाने बंद,
जिन्यातली मांजर आत आलीच तर
तिला बाहेर पडायला दार.
आणि बाळाच्या खोलीत नाही.
कापूरही नाही, छातीला चोळायचा तो डबीतला मलमही नाही,
सासूबाई काहीही म्हणोत.
त्याचा श्वास अजून बाहुलीच्या बांगडीएवढा आहे.

आण इकडे.
सातही बाटल्या मी वरच्या फळीवर ठेवते,
पापडाच्या डब्यामागे,
तो रांगायला लागेल तेव्हाही तिथेच राहतील.
तू शाल घे, दवाखान्याची वही घे.
सकाळपर्यंत बघू नको म्हणतेस तेच चुकतं,
छोट्या छातीला सकाळ लांब असते.

बोटाला लागलंय तुझ्या, कोरड्या कपड्याला पूस,
मग गोडं तेल, मग साबण.
वास राहील थोडा. राहू दे.
वासले पाय ऱ्हातस, बाबा म्हणायचे,
त्याला बोलवायला बाटली नाकाला लावायची गरज नाही.
त्यांना स्वतःला तो कधीच दिसला नाही येताना.

टोपी घाल त्याला.
रिक्षा आली.