दीड पायली कळणा

लाईट गेली तेव्हा माझी ज्वारी-उडीद मधेच होती,
अर्धी पीठ, अर्धी दाणे.
सुपडूनं पट्टा हातानं थांबवला, म्हणाला,
"आते बसा. येई तवय येई."
डबे रांगेत. आम्ही कसेही,
कुणी पोत्यावर, कुणी उंबऱ्यात,
अमळनेरची दुपार दाराबाहेर तापत.

सुरुवात किडीपासून झाली.
मुगात लिंबाचा पाला घालावा की बोरिक,
यावर हिराबाय आणि मी दोन पक्षांत.
बोरिकवरून निघाला कॅरमबोर्ड,
कॅरमवरून निंबा पोस्टमनचा भाऊ,
तो मस्कतला असतो,
तिथं म्हणे नळाचं पाणी इतकं तापतं
की आंघोळीचं रात्रीच भरून गार करावं लागतं.

"मग माशांचं काय?"
खुशबू. आठवीतली. तिचा डबा सगळ्यात लहान.
"समुद्रातल्या. अन् ते झोपतात कधी?"

गिरणीत सात माणसं, आणि एकालाही ठाऊक नाही
मासा झोपतो का.
निंबानं तीस वर्षं बोरीकाठानं सायकल हाकली,
तो शपथेवर म्हणाला, झोपतो,
डोळा उघडा ठेवून, "आमना साहेबना मायक."
हसता हसता सुपडूच्या भुवयांवरचं पीठ उडालं.

हाफिजमिया कल्हईवाले तोवर गप्प.
मग जमिनीकडं बघत म्हणाले,
माझी बायको तशीच झोपायची, अर्धे डोळे उघडे.
लग्नानंतर वर्षभर मला वाटायचं जागीच आहे,
मी रात्र रात्र बोलत राहायचो.

"मग कळलं तवय?" हिराबायनं विचारलं.

कळलं. पण सवय लागली होती.
म्हणजे ती गेली त्या रात्रीसुद्धा मी...

आणि लाईट आली.
जातं असं गरजलं की पुढचे शब्द
फक्त ओठांवर हलताना दिसले.
कुणी सुपडूला बंद कर म्हणालं नाही.
मला म्हणायचं होतं.
त्यानं माझा डबा पुढं ओढला,
पीठ गरम होतं, हात ठेववेना.

घरी आम्ही दोघं रोज तेच बोलतो,
दूध आलं का, गॅस बंद केला का.
बायको म्हणाली, इतका उशीर?
मी म्हणालो, मासे डोळे उघडे ठेवून झोपतात.

तिनं परात खाली ठेवली.
"कोण म्हणालं?"